गंगव्वाला बसवलं तो दिवस

काल कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. मी भाकरी थापत हुते, हाताला पीठ, धाकटा झोळीत किरकिर करतोय, थोरली दप्तर उचकटून बसलेली, आणि मॅडम म्हणतात, "महादेवी, ह्या वर्षीच्या मुलींशी दहा मिनिटं बोलशील का? तुला तुझं काम कसं सापडलं, एवढंच सांग." मी लगेच हो म्हणले. मला न्हाय म्हणायला जमतच न्हाय, भीतीनंच तोंडातनं हो निघतं. तव्यावरची भाकरी करपली. ह्या वहीत मी लग्नाचं लिहिलं, माहेरचं लिहिलं, जेऊरच्या मामाकडची सुट्टी लिहिली, पण हे एक लिहायचं टाळत आले. आता त्या पोरींपुढं उभं राहायचं तर आदी हितं उभं राहायला पायजे. शाळा माजी बारावी आणि कॉलेजचं पाऊण वर्ष, तवा जसं बोलते तसंच लिहिते.

आमी भवानी पेठेत ह्याच खोलीत हुतो. पुढं बसायचं, मागं गॅस आणि मोरी, मधे जुन्या चादरीचा पडदा. नवरा टॉवेलाच्या मागावर कामाला, आणि घराच्या दोन्ही अंगाला पण मागच, दिवसभर खडखड खडखड, भिंतीला पाठ टेकली की ती खडखड पाठीच्या कण्यातनं वर चढायची. सासूबाईंना आमच्यात अत्ती म्हणत्यात. लग्न ठरताना माज्या आप्पांनी एकच सांगितलं हुतं, पोरीला कॉलेज करू द्या. अत्तींनी तो शब्द पाळला, हे मला लिहायलाच पायजे, कारण पुढं त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार हाय. सकाळी मी कॉलेजला, पोरगी, म्हणजे आताची थोरली, त्यांच्या मांडीवर, दुपारी परत आले की कडक भाकरी चुरून त्यावर शेंगाची चटणी आणि तेल, एका हातानं खायचं, एका हातानं पोरीला धरून पाजायचं. मी एकोणीस वर्षांची. मला सगळ्याचीच भीती. पोरगी शिंकली तरी भीती, न्हाय शिंकली तरी भीती. लाईट गेली की सगळं माग एका दमात थांबायचं, आणि त्या शांततेत मला वाटायचं, पोरीचाच श्वास थांबला. धावत जाऊन तिच्या नाकापुढं बोट धरायची. अत्ती म्हणायच्या, "येडे, तूच तिला एक दिवस गुदमरवशील."

पोरीला न्हाऊ घालायला गंगव्वा यायची. पलीकडच्या बोळात एकटीच राहायची, सत्तरीच्या पुढची, पुढं मागं कोण न्हाय. पेठेतली निम्मी माणसं तिच्या पायावर न्हाऊन मोठी झालेली, मिशावाली माणसं पण तिला वाट द्यायची, कारण ती भर रस्त्यात कुणालाही म्हणायची, "तुज्या ढुंगणावरचा तीळ मला ठाऊक हाय, शहाणपणा करू नको." मोरीत पाटावर बसायची, पाय लांब करायची, पोरीला नडगीवर पालथी टाकायची आणि कढत पाणी घ्यायची, आणि मी दाराशी ओरडायची, "पडंल की ती! पडंल की!"

"अंडं हाय व्हय फुटायला?" ती म्हणायची. "हेदरब्याड. भिऊ नको गं. तुज्या भीतीनं पाणी गार व्हायलंय."

पोरीच्या मुठीत कायबाय अडकलेलं असायचं, चादरीची दशी, दुधाचा मळ. मी अंगठा धरून मूठ उघडायला जायची, ती आणखी आवळायची आणि रडायची. गंगव्वानं माजा हात बाजूला सारला. "अंगठा लई खट असतो. करंगळीपासनं धर. करंगळी भोळी, ती सुटली की बाकीच्या मागनं येत्यात." आणि खरंच, पाकळ्या उलगडाव्यात तसं एकेक बोट उघडलं. हेवढं एक मी तिच्याकडनं पयलं शिकले.

तिचं दुसरं काम मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ओल्या बाळंतिणीपुढं तसलं बोलत न्हाईत. माहेरी कुणी गेलं तर आमाला पोरींना मागच्या घरात कोंडायचे, तवा मी पण कधी बगितलं नव्हतं. त्या कॉलेजच्या पोरींना ठाऊक नसंल म्हणून हितंच सांगते. आमच्यात माणूस गेलं की झोपवून नेत न्हाईत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवतात, आणि पुरायचं ते पण बसवूनच, खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा करून. जन्मभर पूजेला जसं बसलं तसंच जायचं. पण मेलेलं अंग थोड्या वेळानं दगड हुतं. ते व्हायच्या आत बसवायला लागतं, आणि घरच्यांना तवा रडणं सुचतं, हे सुचत न्हाय. बायकांना बसवायचं काम गंगव्वाचं.

पोरगी सा महिन्यांची असताना समोरच्या घरातली म्हातारी गेली. ती अंगानं लई जड, गंगव्वाला एकटीला पेलेना, म्हणून ती आमच्या दारात आली आणि मला म्हणली, "चल, खांद्याला धरायला पायजे."

अत्ती पडद्याआडनं बाहेर आल्या. "पाजणारी पोर हाय ती. तिला मड्याला हात लावायला नेतीस व्हय?"

"लिंग हाय ना तिच्या गळ्यात? मग विटाळ कुठला? का तुमच्या घरात लिंग नुसतं दागिना म्हणून घालत्यात?"

अत्तींनी पोरीला माज्याकडनं घेतलं. मी उंबऱ्यापर्यंत भीत भीत गेले. मग म्हातारीच्या खांद्यामागं बसले, तिचं डोकं माज्या छातीवर टेकलं, आणि गंगव्वा हळू हळू एकेक पाय दुमडायला लागली, मधे मधे म्हातारीशीच बोलत, "हां, झालं, आता हा पाय आण, लई दमलीस न्हाय का." मी भस्म लावलं, केस विंचरले, पदर नीट केला. घरी परत येऊन पोरीला घेतलं तवा ध्यानात आलं की मधे कधीतरी लाईट गेली हुती, माग थांबलं हुतं, आणि मला कळलंच नव्हतं. माज्या उभ्या आयुष्यात तो एक तास मी कशालाच भ्याले नव्हते. ही गोष्ट मी कुणाला बोलले न्हाय. बोलण्यासारखी वाटतच नव्हती, लाज वाटण्यासारखी वाटली.

कॉलेजात शनिवारी शेवटचा तास मॅडमचा असायचा. परीक्षेचा न्हाय, मार्काचा न्हाय, निम्म्या पोरी पळूनच जायच्या. मॅडम टेबलावर न बसता आमच्या बाकावर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, पुढं काय करायचंय, आणि कशासाठी. सगळ्यांचं ठरलेलं, पोलीस भरती, बँक, डी.एड. एका शनिवारी त्यांनी कोरे कागद वाटले. "घरचे काय म्हणतात ते लिहू नका. पगार किती ते लिहू नका. कुठलं काम करताना तुमची भीती जाते, तेवढंच लिहा." मी लगेच लिहायला घेतलं, पेन पळतंय, आणि मग थांबले. शेजारी लक्ष्मी बसलेली, पद्मशाली गल्लीतली, माज्या कागदात डोकावत हुती. मड्याला बसवताना असं लिहू? मी लिहिलं, बाळाला अंघोळ घालताना. ते खोटं हुतं. बाळाला अंघोळ घालताना माजं काळीज तोंडात येतं, अजून येतं.

लक्ष्मी फिस्सकन हसली. "महादेवी, सरकारी न्हाणीघर काढ की तू." सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या न्हाईत. कागद हातात धरून माज्याकडं बगतच राहिल्या, डोळे भरून आल्यासारखे. तास संपल्यावर मला थांबवलं आणि गंगव्वाचं सगळं विचारून घेतलं, म्हणजे मी सांगितलं तेवढं, निम्मं. मग म्हणल्या, "तू नर्सिंगला जायला पाहिजेस. महिनाभर त्या आजींच्या मागे राहा, त्या काय करतात ते लिही. वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांसमोर बोल. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या येणार आहेत, त्यांनी तुला ऐकलं पाहिजे." माज्याकडं इतक्या विश्वासानं कुणी कधी बगितलं नव्हतं. त्या बगण्यासाठी मी ते खोटं तसंच पुढं ओढलं. मॅडमची ह्यात चूक न्हाय. त्यांना मी दार दाखवलं ते चुकीचं, त्या त्यातनं आत आल्या.

आणि त्याच महिन्यात गंगव्वा पडली. मोरीतच घसरली, खुबा मोडला, मग खाटेवरनं उठलीच न्हाय. मी वही घेऊन तिच्या उशाशी बसायची, तेल कसलं, पाणी किती कढत, शेक किती दिवस. ती वैतागायची. "लिहून काय घेतीस? पाय चेप, हाताला आपोआप कळंल." मी पाय चेपायची. पाय वाळून काटकी झालेलं. एक दिवस मी कांजी भरवत हुते, तिनं चमचा हातानं बाजूला केला आणि माजं मनगट धरलं. 

"माजं कोण न्हाय, तुला ठाऊक हाय. गल्लीतल्या बाया रडतील, स्वैपाक आणतील, पण बसवायला कुणाला येत न्हाय. मला झोपवून न्हेऊ देऊ नको. हेवढ्या बायांना मी बसवलं. मीच लाकडासारखी आडवी जाऊ व्हय?"

"न्हाय गं, मी हाय की."

"कळलं की लगेच ये. पोर रडू दे, भाकरी करपू दे. लगेच."

मी तिच्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून हो म्हणले. हे मी भीतीनं म्हणले नव्हते. एवढं एकच हो असंल माज्या आयुष्यातलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी तिच्याकडं डोकावले. लग्नातली हिरवी इरकल नेसले हुते. तिच्या छातीत घरघर व्हायली हुती, डोळे अर्धे उघडे. मला ती घरघर कळत हुती. गंगव्वाबरोबर गेले तवा मरायला टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांजवळ मी ऐकली हुती तोवर. मी दोन चमचे पाणी घातलं, एक घशात गेला, एक गालावरनं आला. म्हणले, "दुपारी येते, बारापर्यंत येते." मी अत्तींना सांगितलं, तिच्याकडं जरा बगा, आणि रिक्षात बसले.

हॉलमधे पंखं फिरत हुतं, खुर्च्या मांडलेल्या, प्राचार्या पांढऱ्या साडीत पुढं बसलेल्या. आमी सा जणी बोलणार, माजा नंबर पाचवा. तिसरी बोलत असताना पर्समधे फोन थरथरला. अत्ती. बंद झाला. परत थरथरला. अत्ती मला कॉलेजात कधी फोन करत न्हाईत. पोरीचं काय असतं तर त्यांनी नवऱ्याला पाठवलं असतं, हे मला ठाऊक हुतं. म्हणजे दुसरं काय ते पण ठाऊक हुतं. मी फोन उघडून बगितलं न्हाय. पर्सची चेन लावली आणि पर्स खुर्चीखाली पायानं मागं सारली. मॅडम पलीकडनं माज्याकडं बगून हसल्या, अंगठा दाखवला. मी पण हसले.

मी लई छान बोलले म्हणतात. पाय कसं लांब करायचं, पाणी कोपरानं कसं बगायचं, मूठ कशी करंगळीपासनं उघडायची. हातानं करून दाखवलं तवा टाळ्या पडल्या. प्राचार्या म्हणल्या, अशा मुली आम्हाला हव्यात. मग फोटो, मग चहा, मग केळीचे वेफर्स, मग मॅडम मला आणखी एका बाईंकडं घेऊन गेल्या. मी जाते, मला जायला पायजे, असं मी एकदा पण म्हणले न्हाय. ब्लाऊज दुधानं भिजला, पदर पुढं ओढून घेतला. घरी पोचले तवा अडीच वाजले हुते, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत हुतं.

ती नऊ वाजताच गेली हुती. मी कोपऱ्यावरनं रिक्षात बसले आणि ती गेली. शेजारच्या तेलुगू काकूंनी चांगल्या मनानं तिला खाली घेतलं, पाय सरळ केलं, दोन्ही अंगठं सुतळीनं बांधलं, हात बाजूला ताठ, वर चादर. त्यांच्यात तसंच करतात. अत्ती दारात पोरीला घेऊन उभ्या, पोरगी रडून रडून निळी. विधीला बोलावलेले स्वामी खुर्चीवर बसलेले, विभूतीची पिशवी मांडीवर.

"कितींदा फोन केला," अत्ती म्हणल्या, "कुटं मेली हुतीस?"

मी म्हणले, आवाज आला न्हाय. स्वामी उठले, चादर वर करून गंगव्वाचा गुडघा दाबून बगितला. "बाई, साडेपाच तास झाले. आता झोपवूनच न्यावं लागेल. देव समजून घेईल."

"ती न्हाय घेणार," मी म्हणले. माजा आवाज मलाच वळखू आला न्हाय. "पाणी तापवा. मोठं पातेलं. आणि तेल द्या."

"आदी पोरीला पाज," अत्ती म्हणल्या. मी तितंच, गंगव्वाच्या पायाशी बसून पाजलं. पोरगी गटागटा प्यायली, आणि मी समोर त्या सुतळीत बांधलेल्या अंगठ्यांकडं बगत बसले. पाच मिनिटं. आणि त्या पाच मिनिटात ती आणखी दगड व्हायली हुती, मला ते दिसत असल्यासारखं वाटलं.

मग पुरुषांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. पंचे कढत पाण्यात बुडवून पिळून गुडघ्यावर ठेवले, वर तेल, आणि चोळायला लागले, जसं तिनं माज्या पोरीला चोळलं तसं, वरनं खाली, खालनं वर. तेलुगू काकू पाणी आणत हुत्या आणि रडत हुत्या, "मला ठाऊक नव्हतं गं, मला ठाऊक नव्हतं." मी म्हणले, तुमचं काय चुकलं न्हाय काकू. खांदे सैल झाले. कंबर वाकली. डावा पाय तास दीड तासानं आला. उजवा, मोडक्या खुब्याचा, काय केलं तरी येईना. मी जोर लावला आणि आतनं कटकन आवाज झाला. तो आवाज कसा हुता ते मी लिहिणार न्हाय. पाय निम्मा दुमडला आणि गुडघा वर राहिला, उंच, तसाच. मी त्याला हात लावायचं सोडलं.

डावी मूठ मिटलेली हुती. ह्याच तळहातावर रोज सकाळी लिंग घेऊन ती बसायची. मी घाईत अंगठा धरला आणि थांबले. करंगळी धरली. तेल लावलं, फुंकर घातली, का घातली कोण जाणे. करंगळी सुटली. मग दुसरी. आतमधे काय नव्हतं, तळहात कोरा, रेषांमधे विभूती बसलेली. मी लिंग ठेवलं आणि बोटं परत मिटली. 

बाहेर आणली तवा बाया कुजबुजल्या, गुडघा बगा, असं कोण बसवतं. माती द्यायच्या जागी कोनाडा परत रुंद खणायला लागला, त्या गुडघ्यासाठी, आणि तेवढा वेळ ती बाहेर उन्हात बसून राहिली. नवरा माज्या शेजारी उभा हुता, म्हणला, "बसवलीस तरी." तिनं मला लगेच ये म्हणलं हुतं. नुसतं ये न्हाय.

चार दिवसांनी मॅडम घरी आल्या, नर्सिंगचा फॉर्म घेऊन. मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं, कागदावर काय लिहायचं हुतं ते पण, पर्स कशी पायानं मागं सारली ते पण. त्या बराच वेळ फॉर्मची घडी घालत बसल्या, उघडत, परत घालत. मग म्हणल्या, "मी तुला अंगठा दाखवला ना, तेव्हा?" मी म्हणले, व्हय. त्यांचा चहा तसाच राहिला. फॉर्म मी भरला न्हाय. कॉलेजला पण परत गेले न्हाय. कुणी काढलं न्हाय, मीच त्या हॉलवरनं जाऊ शकत नव्हते.

आता पेठेत कुणाच्या घरातली बाई गेली की मला बोलवतात. मी जाते, लगेच जाते, आजवर चार घरी भाकरी करपू देऊन गेले. पण तेव्हापासनं एकाही घरानं मला बाळ न्हाऊ घालायला बोलवलं न्हाय. माज्या जावेला पोरगा झाला, मी बगायला गेले, तिनं हसत हसत त्याला आतल्या खोलीत नेऊन झोपवलं. अत्ती मी तसल्या घरनं आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय धाकट्याला हात लावू देत न्हाईत. लिंग त्यांच्या पण गळ्यात हाय, माज्या पण हाय. गंगव्वाला दोन्ही कामं करू दिली लोकांनी, मला एकच दिलं. का, ते मला कळत न्हाय. तिला कुणी विचारायची हिंमत केली नसंल, आणि माज्याकडं बगितलं की कळतं, ही भिते.

आता पोरींना काय सांगू? काम कसं सापडलं? ते सापडलेलंच हुतं, मी त्याला कागदावर दुसरं नाव दिलं, आणि त्या नावावर टाळ्या घेत बसले तवा ते माज्या खुर्चीखाली थरथरत हुतं. हे सांगितलं तर मॅडमना वाईट वाटंल. तरी सांगणार हाय. आणि बोलायला उभी राहीन तवा फोन पर्समधे ठेवणार न्हाय. टेबलावर, सगळ्यांना दिसंल असा, आवाज मोठा करून ठेवणार. वाजला तर आदीच माफी मागून ठेवते, पोरींनो, वाक्य निम्म्यात सोडून जाईन.